घरच्या घरी इलेक्ट्रिक सुपरचार्जर: दोन हजारांच्या पंख्याने गाडीची ताकद खरंच वाढते का?

एअर फिल्टरच्या पाइपमध्ये बसवलेला बारा व्होल्टचा छोटा पंखा, दोन क्लिपा, थोडी वायर आणि डॅशबोर्डवर एक लाल बटण. बटण दाबलं की पंखा घोंघावतो, गाडी सुसाट सुटते आणि खाली लोक लिंक मागायला लागतात. 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' या नावाने फिरणारे असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील.

मोह पडणं साहजिक आहे. गाडीत चार माणसं, एसी चालू, समोर कसारा घाट आणि पुढे रांगणारा ट्रक. अशा वेळी १.२ लिटरची गाडी चालवणाऱ्या कुणालाही ते लाल बटण हवंहवंसं वाटेल.

मग हे खरं आहे की खोटं? इलेक्ट्रिक सुपरचार्जर ही वस्तू शंभर टक्के खरी आहे. ऑडी आणि मर्सिडीजने ती रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये दिली आहे आणि काही हौशी मंडळींनी ती गॅरेजमध्येही बनवली आहे. पण ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळतो तो पंखा म्हणजे सुपरचार्जर नव्हे. दोघांमधला फरक साधारण ५० वॅट आणि ४,००० वॅट एवढा आहे. हा आकडा कुठून येतो, तेच समजून घेऊ.

सुपरचार्जर नेमकं करतो काय?

१ किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिनात जास्त पेट्रोल सोडणं सोपं आहे, खरी अडचण हवेची असते. साध्या इंजिनात पिस्टन खाली जातो, पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा स्वतःच्या दाबाने आत शिरते. बाहेरच्या दाबापेक्षा जास्त दाबाने ती शिरूच शकत नाही. महाबळेश्वरला हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते, म्हणून तिथे पोचेपर्यंत तुमच्या साध्या पेट्रोल गाडीची ताकदही जवळपास तेवढीच घटलेली असते.

सुपरचार्जर बाहेरची हवा दाबून, घट्ट करून इंजिनात कोंबतो. कल्पना जुनी आहे. गॉटलीब डाइमलरने १८८५ मध्येच अशा यंत्राचं पेटंट घेतलं होतं. पारंपरिक सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, टर्बोचार्जर सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो आणि इलेक्ट्रिक सुपरचार्जर मोटरवर. टर्बोला धुराचा जोर वाढेपर्यंत थांबावं लागतं, ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर गाडी 'विचार करते' ती त्यामुळेच. मोटरला थांबावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

पंख्याचं गणित कुठे फसतं?

१.२ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला दर सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा ओढतं. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे अडीच जार, तेही एका सेकंदात!

आता समजा आपल्याला ५ पीएसआय दाब वाढवायचा आहे. टायरमध्ये आपण ३२-३३ पीएसआय भरतो, त्यामुळे ५ म्हणजे किरकोळ वाटेल. पण इथे तो बंद टायरमध्ये एकदा भरायचा नसून वाहत्या हवेत सतत टिकवायचा आहे. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर ५ पीएसआय म्हणजे साडेतीन मीटर उंच पाण्याचा दाब. कॉम्प्युटरच्या पंख्यासारखा छोटा पंखा मोजक्या काही मिलिमीटर पाण्याएवढाच दाब देतो. एक आकडा मीटरमध्ये आहे आणि दुसरा मिलिमीटरमध्ये, पुढे काही बोलायला नकोच. शिवाय पूर्ण जोरावर इंजिन त्या पंख्याच्या कुवतीपेक्षा जास्त हवा मागत असतं. मग पंखा हवा ढकलण्याऐवजी हवेच्या वाटेतच उभा राहतो. मदत सोडा, अडथळाच होतो.

पालापाचोळा उडवायचा ब्लोअर जोडणारेही आहेत. त्याची हवा ताशी २५० किलोमीटरने बाहेर पडते, म्हणून तो जबरदस्त वाटतो. पण ती हवा पूर्ण अडवली तरी दाब जेमतेम ०.४ पीएसआय होतो. फार तर २-३ टक्क्यांचा फरक. निदान इथे शून्यापेक्षा जास्त काहीतरी हाती लागतं, एवढंच समाधान.

खरोखर ५ पीएसआय हवे असतील तर आपल्या १.२ लिटरच्या इंजिनासाठी, कॉम्प्रेसर आणि मोटरमधली गळती धरून, साधारण पावणेचार किलोवॅट वीज लागते. स्वयंपाकघरातले ७५० वॅटचे पाच मिक्सर एकाच वेळी पूर्ण जोरात चालवल्यासारखं. १२ व्होल्टवर याचा अर्थ ३०० अँपिअरपेक्षा जास्त करंट. छोट्या गाडीचा अल्टरनेटर ७०-९० अँपिअरचा असतो आणि त्यातले बरेच हेडलाइट, एसीचा पंखा आणि इंजिनचा कॉम्प्युटरच खातात. त्या स्वस्त पंख्याची वायर पाहा. मोबाइल चार्जरच्या वायरपेक्षा थोडी जाड. तिच्यातून ३०० अँपिअर गेले तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग कंपन्यांना कसं जमलं?

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. पावणेचार किलोवॅट हा आकडा मोठा, पण घाटातलं एक ओव्हरटेक होतं किती वेळात? धरा दहा सेकंद. तेवढ्या वेळात खर्च होणारी एकूण ऊर्जा जेमतेम १०-११ वॅट-तास भरते. हातातल्या ५,००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत याहून जास्त ऊर्जा असते! अडचण ऊर्जेच्या साठ्याची नाहीच. ती इतक्या झटक्यात बाहेर काढता येत नाही, ही अडचण आहे. तेवढी ऊर्जा पुन्हा भरायला अल्टरनेटरचे उरलेले २०० वॅट धरले तरी तीन-साडेतीन मिनिटं पुरतात.

कंपन्यांनी नेमकं हेच हेरलं. २०१६ मध्ये आलेल्या ऑडी एसक्यू७ या डिझेल गाडीत दोन टर्बोंच्या जोडीला ७ किलोवॅटचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर होता. पाव सेकंदाच्या आत तो ७०,००० आरपीएमला पोचतो. त्यासाठी गाडीत वेगळी ४८ व्होल्टची यंत्रणा बसवावी लागली, कारण व्होल्टेज चौपट केलं की तेवढ्याच ताकदीला करंट एक चतुर्थांश लागतो आणि वायर आटोक्यात राहते. पुढच्याच वर्षी मर्सिडीजनेही आपल्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात ४८ व्होल्टचा असाच कॉम्प्रेसर दिला. पण एवढ्या पैशांच्या गाड्यांमध्येही तो कायम पळत नाही. टर्बो जागा होईपर्यंत क्षणभर धक्का द्यायचा, मग बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम.

गॅरेजमध्ये बनवायचाच म्हटलं तर?

ज्यांनी हे खरोखर जमवलं त्यांची कृती साधारण अशी असते: जुन्या टर्बोचा हवेकडचा अर्धा भाग घ्यायचा, त्याला ब्रशलेस मोटर जोडायची आणि तिला गाडीच्या बॅटरीऐवजी ४८ व्होल्टच्या आसपासच्या वेगळ्या लिथियम बॅटरीवर चालवायचं.

वाचायला सोपं आहे. पण ५ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाने ५ पीएसआय काढायचे तर ते मिनिटाला सुमारे ९०,००० वेळा फिरायला हवं. घरचा मिक्सर रिकामा फिरवला तरी १८-२० हजारांच्या आसपास थांबतो. ९०,००० ला चाकाच्या कडेचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे जातो. मोटर आणि चाक एका रेषेत नसतील, तोल केसभर जरी चुकला, तर बेअरिंग जातं आणि चाकाचे तुकडे बॉनेटखाली उडतात. म्हणून साध्या पट्ट्याच्या आणि घरगुती जोडणीच्या प्रयोगांना मी तरी हात लावणार नाही.

यात दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, मोटर बंद असताना इंजिनाला हवा मिळायला बाजूने एकेरी झडप असलेली वाट हवी, नाहीतर बंद कॉम्प्रेसरच बूच होऊन बसतो. दुसरी उष्णतेची. हवा दाबली की तापते, ३० अंशांची हवा ७० अंशांच्या वर जाते. तापलेली हवा पुन्हा विरळ होते, म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो.

इंजिन नेमकं कुठे मरतं?

हा भाग व्हिडिओत सहसा नसतो, आणि पैसे बुडतात ते इथेच.

पंखा खोटा असेल तर दोन हजार जातात. कॉम्प्रेसर खरा असेल तर इंजिन जाऊ शकतं. छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये आत किती हवा आली हे इंजिनचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा इनटेकमधल्या दाबाच्या सेन्सरवरून ठरवतो. साध्या इंजिनातला हा सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंत, फार तर त्याच्या किंचित वर मोजतो. तुम्ही ५ पीएसआय जास्त दिले तर त्याला ते दिसतच नाहीत. कॉम्प्युटर जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो. हवा जास्त, पेट्रोल कमी आणि आत प्रचंड उष्णता. अशा वेळी मिश्रण ठिणगीने पेटल्यावर ज्वाळा पोचायच्या आत कोपऱ्यातला भाग आपोआप भडकतो. गॅरेजवाले याला नॉकिंग म्हणतात. काही सेकंदांचं जोरदार नॉकिंग पिस्टनला भोक पाडायला पुरतं.

त्यात हल्लीच्या बऱ्याच छोट्या इंजिनांचं कॉम्प्रेशन मायलेजसाठी ११ किंवा १२ ला १ इतकं वाढवलेलं असतं, म्हणजे नॉकिंगची सीमा मुळातच जवळ. कंपनीच्या टर्बो पेट्रोल गाडीत पिस्टन, इंजेक्टर, सेन्सर आणि कॉम्प्युटरचा प्रोग्राम असं सगळंच वाढीव दाब गृहीत धरून बनवलेलं असतं. त्यामुळे घरगुती प्रकल्पात खरा खर्च मोटरवर होत नाही. जास्त दाब मोजणारा सेन्सर, मोठे इंजेक्टर आणि कॉम्प्युटरचं नव्याने ट्यूनिंग यांतच पैसे जातात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असे बदल करता येत नाहीत, ज्यामुळे ती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं, ते वेगळंच. खासगी ट्रॅकसाठी ठेवलेली, रस्त्यावर न येणारी गाडी असेल तर गोष्ट निराळी.

मित्राने पंखा बसवलाच असेल तर...

वाद घालत बसू नका, मोजून बघा. गाडीच्या ओबीडी पोर्टला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर कुठेही मिळतो. फोनवरच्या ॲपमध्ये 'इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर' हा आकडा उघडा. चावी फिरवून, इंजिन सुरू न करता दिसेल तो बाहेरच्या हवेचा दाब: मुंबईत १०१ किलोपास्कलच्या जवळपास, पुण्यात ९५ च्या आसपास. मग मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर मित्राला गाडी चालवू द्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि फोन तुम्ही हातात धरा. लाल बटण दाबल्यावर आकडा त्या पहिल्या आकड्याच्या वर गेला, तरच हवा दाबली जातेय. पुण्यात तो ९३-९४ वरच अडकून राहिला, तर मित्राने दोन हजारांत फक्त आवाज विकत घेतलाय.