प्लॉट ट्रस्टचा, बिल्डिंग सोसायटीची

मुंबईत फ्लॅट शोधायला निघालात की 'सोसायटी' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. मेंटेनन्स, पार्किंग, सेक्रेटरी काकांची कटकट... सगळं त्यात आलं. पण मंडळी, ही भानगड मुंबईत सुरू कुठून झाली? उत्तर गावदेवीत आहे. आणि त्याच्याही आधी प्लेगात.

१८९६ साली मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि शहराची पळापळ सुरू झाली. हवा-उजेड नसलेल्या दाटीच्या वस्त्या म्हणजे रोगाचं घर, असं सरकारनं ठरवलं आणि १८९८ मध्ये कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला. पाडण्यात हा ट्रस्ट पटाईत निघाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट झकास झाले, पण पाडलेल्या घरांतली माणसं शेजारच्या वस्तीत शिरली आणि तिथली गर्दी वाढली. आमच्या भाषेत सांगायचं तर बग फिक्स नाही केला, दुसऱ्या मॉड्यूलमध्ये ढकलला!

ट्रस्टकडे जमीन होती, रस्ते होते, गटारं होती. पण पांढरपेशा माणसाला परवडेल असं घर बांधणार कोण? इथे एक कायदा मदतीला आला. १९०४ च्या सहकारी कायद्यात फक्त पतसंस्था काढता येत होत्या. १९१२ च्या नव्या कायद्याने इतर कामांसाठीही संस्था काढायला वाट मोकळी केली. श्रीपाद सुब्राव तल्माकी याच संधीची वाट बघत असावेत. १९०६ मध्ये त्यांनी शामराव विठ्ठल सहकारी बँक काढलेली होतीच. १९१५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, मुंबईतली पहिली.

मांडणी साधी, पण हुशार. जमीन ट्रस्टची, भाडेपट्ट्यावर. बिल्डिंग सोसायटीची. सभासदाचे शेअर सोसायटीत आणि तो राहणार भाडेकरू म्हणून, म्हणजे घरमालकही आपणच आणि भाडेकरूही आपणच. भाडं वाढवून हाकलणारा मधला कोणी उरलाच नाही. चाळीतल्या सामायिक नळ-संडासाऐवजी सगळ्या सोयी आपल्याच दाराआड असलेलं बिऱ्हाड हळूहळू रुळलं ते अशाच इमारतींमधून. घरात संडास ही कल्पना सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरांना पचायला किती जड गेली असेल, विचार करा!

दादर-माटुंग्यात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. पारशी कॉलनीचा किस्सा तर मला फारच आवडतो. मंचेरजी जोशी ट्रस्टमध्येच इंजिनियर होते. त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले. इमारतींच्या उंचीला मर्यादा, रस्त्यांना झाडं, मध्ये बागा. फाइव्ह गार्डन्सला आजही रविवारी सकाळी जाऊन बघा.

उलट उदाहरणही तेव्हाचंच आहे. १९२० मध्ये सरकारच्या डेव्हलपमेंट डिरेक्टोरेटने गिरणी कामगारांसाठी बीडीडी चाळी बांधायला घेतल्या. घोषणा ५० हजार खोल्यांची, झाल्या सुमारे १६ हजार. जेमतेम १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. राहणाऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं. सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. पुढे तिथे जी जिवंत वस्ती झाली ती राहणाऱ्यांच्या हिमतीवर, आराखड्यामुळे नव्हे.

मग सोसायटी मॉडेल भारीच म्हणायचं का? थांबा. सारस्वतांची सोसायटी सारस्वतांची होती आणि पारशी कॉलनी पारशांची. ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवणं सोपं, म्हणून सहकार चालला. आणि त्याच कारणाने बाकीचे बाहेर राहिले. ज्याच्याकडे शेअर घ्यायला पैसे नव्हते, तो तर दोनदा बाहेर. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवायला मान्यताच दिली. मला हा निकाल पटत नाही, पण त्याची मुळं कुठली ते गावदेवीकडे बघितलं की कळतं.

ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला आणि त्याचे भाडेपट्टेही पालिकेकडे गेले. म्हणून दादर-माटुंग्यातल्या कित्येक जुन्या बिल्डिंगींच्या खालची जमीन आजही पालिकेची आहे. रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला आणि जुने कागद बाहेर आले, की मग कुठे हे सभासदांच्या लक्षात येतं.