परक्या शहरातील एकटा मुसाफिर

वाचकहो, ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, अशा अर्थाचे वचन आपल्या शैक्षणिक सभासंमेलनांतून हटकून ऐकू येते. हदीसचे जाणकार त्याची सनद कमजोर मानतात, तो भाग वेगळा. मला कुतूहल आहे ते जे खरोखरच तिकडे गेले त्यांचे. बरोबर लवाजमा नाही, भाषा येत नाही, गावात ओळखीचे कोणी नाही, अशा एकट्या माणसाला चीन आणि तिबेटच्या जुन्या शहरांनी कसे वागवले? शहराची खरी पारख अशाच वेळी होते, असे माझे मत आहे.

इब्न बतूताचे नाव आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातून माहीत असते. १३०४ साली मोरोक्कोतील टँजिअर येथे जन्मलेला हा गृहस्थ दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या पदरी काजी होता. सुलतानाने त्याला वकील नेमून चीनच्या बादशहाकडे धाडले. १३४२ साली दिल्ली सोडून तो आपल्या दौलताबाद-नंदुरबारवरून खंबायतकडे गेला. पुढे कालिकतला वादळ झाले आणि नजराण्याचे जहाज फुटले. हात रिकामे झाले, तरी मालदीव, बंगाल असे करीत १३४५-४६ च्या सुमारास तो जैतून बंदरात उतरलाच. हे जैतून म्हणजे आजचे चुआनचौ, तैवानच्या समोरच्या किनाऱ्यावरचे.

तिथे त्याने जे पाहिले ते शिक्षकाने वर्गात मुद्दाम सांगावे असे आहे. प्रत्येक मुक्कामाच्या जागी सराई असे. तिचा अंमलदार संध्याकाळी कारकुनासह येऊन उतरलेल्या प्रत्येकाचे नाव लिहून घेई, शिक्का मारी आणि दार बंद करी. सकाळी पुन्हा हजेरी होई. मग मुसाफिरांबरोबर एक माणूस पुढच्या सराईपर्यंत जाई आणि सगळे सुखरूप पोचल्याची लेखी पावती घेऊन परत येई. एकट्याने धन घेऊन कित्येक महिने फिरावे, भीती म्हणून नाही, असा इब्न बतूताचा निर्वाळा आहे. विद्यार्थी मित्रांनो, ही सोय होती तशीच ती पाळतही होती, हे विसरू नका. आजही चीनमध्ये परदेशी पाहुण्याची नोंद हॉटेलवाल्याला पोलिसांकडे करावी लागते.

मात्र हा थोर प्रवासी चीनला कंटाळला होता. परधर्मीयांच्या चालीरीती त्याला रुचत नसत. तो घरातच बसून राही आणि मुसलमान भेटला की आप्त भेटल्यासारखा हरखे. तो पार बीजिंगपर्यंत गेला हे तर काही अभ्यासकांना पटतच नाही. पुस्तक वाचताना या गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. ज्या शहराची त्याने तारीफ केली, तिथेच १३५७ साली बंडाळी माजली. ती १३६६ पर्यंत चालली आणि परदेशी व्यापाऱ्यांची भरभराटीची वस्ती मोडली. आता तिथे १००९ साली उभारलेली दगडी मशीद आहे. नमाजगृहावर छप्पर नाही, पण भिंती आणि भव्य दरवाजा उभे आहेत. अरबी लेखांचे थडग्यांचे दगड शहरातील सागरी संग्रहालयात आहेत. २०२१ पासून चुआनचौची स्थळे जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

समुद्राची वाट जशी चुआनचौला संपे, तशी खुष्कीची वाट शिआनला. जुने नाव छांगआन. बादशाही बंदी मोडून ह्यूएनत्संग इथूनच एकटा निघाला. तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि ६४५ साली ग्रंथ घेऊन परतला. इथली मोठी मशीद पाहणाऱ्याला आधी मशीद वाटतच नाही. घुमट नाही, उतरती कौले, एकामागून एक चौक, आणि मनोऱ्याच्या जागी अष्टकोनी मंडप. आताच्या वास्तूचा पाया १३९२ सालचा. नमाजगृहात लाकडी फळ्यांवर कुराण कोरले आहे, अरबीत आणि चिनीतही.

शिआनला माणूस आपल्या मर्जीने हिंडू शकतो. पुढे शीनिंगहून १,९५६ किलोमीटरची रेल्वे २००६ पासून थेट ल्हासाला जाते. वाटेत ती ५,०७२ मीटर उंची गाठते. पण तिबेटमध्ये परदेशी माणसाला वेगळा परवाना आणि बरोबर वाटाड्या लागतो. एकट्याला मज्जाव आहे.

मज्जाव पूर्वीही होता. कुमाऊँचा शाळामास्तर नैनसिंह रावत इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी वेषांतर करून १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. शंभर मण्यांच्या माळेवर पावले मोजायची, प्रार्थनाचक्रात कागद लपवायचे, उकळत्या पाण्यात तापमापक धरून उंची काढायची. पकडला गेला तर जीव जाण्याची भीती. आणि ल्हासात राहणाऱ्या दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी त्याला ओळखलेच! त्याने खरे सांगितले. त्यांनी ते कोणालाही कळू दिले नाही. उलट त्याचे पैसे संपले तेव्हा घड्याळ गहाण ठेवून घेऊन कर्ज दिले. व्यापारी ते व्यापारीच, पण अशा वेळी शहरात दुसऱ्या कोणी त्याला उभे तरी केले असते का?

ल्हासातील अशा मुसलमानांना तिबेटी लोक ‘काछे’ म्हणतात, म्हणजे मूळचे काश्मीरचे. पाचव्या दलाई लामांनी त्यांना मशिदीसाठी व कबरस्तानासाठी जमीन दिली, असे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १९५९ च्या उठावानंतर मात्र दिवस पालटले. पूर्वज काश्मीरचे म्हणून त्यांनी भारतीय नागरिकत्वाचा हक्क सांगितला आणि १९६०-६१ मध्ये कित्येक कुटुंबे भारतात आली. काही दार्जिलिंग-कालिम्पाँगला राहिली, बरीच श्रीनगरला गेली. तिथे ईदगाहजवळच्या त्यांच्या वस्तीत आजही तिबेटी बोलली जाते, आणि तिथवर जायला कोणताही परवाना लागत नाही.