बाटलीतली सीतेची वेणी

सीतेची वेणी हे ऑर्किड बियांपासून वाढवायचं, असं मालवणच्या आमच्या शाळेत ठरलं, तेव्हा मी मुलांना आधी इतिहास सांगितला. सव्वाशे वर्षांपूर्वी हे काम भल्याभल्या माळ्यांना जमत नव्हतं. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक; एका बोंडात हजारो, पण अंकुराला पुरेल एवढी शिदोरी एकातही नाही. 1899 मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नार यांना उमगलं, की रानात एक बुरशी या अंकुराला पोसते. 1922 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नड्सन यांनी बुरशीविनाच, साखर, क्षार आणि आगर यांच्या निर्जंतुक थरावर बी रुजवून दाखवलं. आगर लाल समुद्रशेवाळापासून निघतं, हे ऐकून दांडी किनाऱ्यावरची पोरं फार खूश झाली!

आम्हीही तसाच थर घातलेल्या बाटल्या प्रेशर कुकरात उकडल्या. मृगाच्या सुमारास फुलं आल्यावर मुलींनी काडीच्या टोकाने पराग लावले. मूळ रोपं वाऱ्यात मोडलेल्या आंब्याच्या फांदीवरची होती. रानातून एकही ओरबाडायचं नाही, यावर मी ठाम होतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काचघरांसाठी उष्ण प्रदेशातली जंगलं खरवडली गेली, झाडांवरून ऑर्किडं पेट्या भरभरून उतरवली गेली. ते वाचताना आजही संताप येतो. आंबोलीच्या रानाचं तसं होता कामा नये.

बाटलीतली रोपं बोटाएवढी झाली, की नारळाच्या सोडणात बसवून शाळेच्या आंब्याला सुतळीने बांधतो. फुलायला त्यांना काही वर्षं लागतात. तोवर पाणी घालायचं काम खालच्या वर्गाकडे जातं.