दौंडचा विसर्ग आणि टेंभुर्णीचा पाऊस

पावसाळ्यात टेंभुर्णीच्या चहाच्या टपरीवर पावसाची चौकशी होते, पण ती टेंभुर्णीतल्या पावसाची नसते. 'दौंडला किती चालू आहे?' असा प्रश्न येतो आणि उत्तर क्युसेकमध्ये मिळतं. गावाजवळ भीमानगरला उजनी धरण आहे. ते भरतं पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसाने. मुळा-मुठा, इंद्रायणी, भीमा यांचं पाणी दौंडवरून पुढे सरकलं, की माढा तालुक्यातला ऊसवाला आणि केळीवाला निर्धास्त होतो. त्याच्या स्वतःच्या रानात पाऊस झाला की नाही, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर गेला आहे.

हे चित्र गेल्या पन्नासेक वर्षांतलं. त्याआधी या भागाची सगळी भिस्त आभाळावर होती आणि आभाळाचा भरवसा नव्हता. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. तोही एकसारखा पडत नाही. जून-जुलैत हुलकावणी देतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त-चित्राच्या आसपास कोसळतो. 'हवामान बदल' हा शब्द सरकारी कागदावर यायच्या कितीतरी आधीपासून लहरी पावसाचं काय करायचं, हा प्रश्न इथल्या प्रत्येक राजवटीपुढे होता. मंगळवेढ्याचे अधिकारी दामाजीपंत यांनी बिदरच्या बादशहाची धान्यकोठारं भुकेल्यांसाठी उघडली, ही कथा आजही या मुलखात सांगितली जाते. इतिहास आणि आख्यायिका तिच्यात मिसळल्या असतील, पण त्या काळातलं दुष्काळी धोरण तिच्यात नेमकं दिसतं: कोठार सरकारचं, किल्ली अधिकाऱ्याच्या हातात आणि ती फिरवायची तर त्याला स्वतःचा जीव पणाला लावावा लागतो.

इंग्रजी अमलात किल्लीच्या जागी नियम आले. 1876-77 च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा उद्ध्वस्त केला. 1872 च्या शिरगणतीत सात लाखांवर असलेली लोकसंख्या 1881 मध्ये सहा लाखांच्या आत आली. सरकारने रस्ते आणि तलावांची कामं काढली. तेव्हाच्या माढा तालुक्यातला आष्टी तलाव हे त्यांपैकीच एक. खडी फोडून, मातीच्या पाट्या वाहून माणसं जगत होती. तेवढ्यात व्हाइसरॉयचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी खाली आणली: दिवसाला जेमतेम पौंडभर धान्याचे पैसे आणि वर थोडी चिल्लर. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने दुष्काळाला आकडे दिले.

पुढे 1880 चा दुष्काळ आयोग आला आणि 1883 मध्ये दुष्काळ संहिता. टंचाई कधी मानायची, कामं कधी काढायची, फुकट अन्न कोणाला द्यायचं, हे सगळं पहिल्यांदा लिहून ठेवलं गेलं. पण संहितेच्या मुळाशी संशय होता. माणूस खरोखर भुकेला असेल तरच कमी मजुरीवर दगड फोडायला येईल, हीच तिची कसोटी.

पीक बुडाल्याचं सिद्ध करायची रीतही याच परंपरेतली. आणेवारी हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडात अजून आहे, सरकारी कागदावर तिची पैसेवारी झाली तरी. शिवारातले निवडक प्लॉट ठरतात, ठरलेल्या मापाचा चौकोन आखतात, त्यातलं पीक कापून, मळून, वजन करतात आणि त्यावरून गावाचं पीक रुपयात किती पैसे ते काढतात. पन्नास पैशांच्या आत आलं, तर गाव टंचाईत. तोवर ज्वारीची ताटं वाळून गेलेली असतात.

याहून वेगळा विचार सोलापुरात 1933 मध्ये सुरू झाला. तेव्हाच्या इंपीरियल कृषी संशोधन परिषदेच्या योजनेतून इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा प्रश्न घेतला: पडणारा पाऊस जमिनीत किती मुरतो आणि किती वाहून जातो? त्यातून जी पद्धत उभी राहिली, तिच्यात कुठलीही जादू नव्हती. बांधबंदिस्ती करायची, पेरणीआधी कुळवाच्या पाळ्या घालून पाणी मुरवायचं, बियाणं कमी आणि ओळींतलं अंतर जास्त ठेवायचं, पुन्हा पुन्हा कोळपून ओल राखायची. मालदांडी ज्वारीतून मोहोळला निवडलेलं एम 35-1 हे वाणही त्याच दशकातलं, आणि ते आजही पेरलं जातं. 1942 मध्ये मुंबई सरकारने जमीन सुधारणेचा कायदा करून बांधबंदिस्तीला बळ दिलं. दुष्काळ पडण्याआधी शेताची तयारी करणारं हे धोरण होतं.

1972 च्या दुष्काळात मात्र पुन्हा खडीच फोडावी लागली. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेला नाही. पण या वेळी संहितेतला संशय मागे पडला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला आणि काम मागणं हा हक्क ठरला. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. 2005 चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच वाटेने आला.

त्याच सुमाराला उजनी पुरं होत होतं. 1966 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते पायाभरणी, 1980 मध्ये बांधकाम पूर्ण. एकूण साठा 117 टीएमसी, पण त्यातला उपयुक्त 53.57; बाकी मृतसाठा. म्हणूनच पाणी मृतसाठ्यात उतरलं, की इथे 'धरण मायनसमध्ये गेलं' असं बोललं जातं. धरणाने भीमाकाठची गावं पोटात घेतली आणि टेंभुर्णीला साखर कारखाने दिले, औद्योगिक वसाहत दिली, कंदरच्या बाजूने आखातात जाणारी केळी दिली. हमखास पाण्याच्या भरवशावर ज्वारीच्या जागी ऊस आला. कुळवाच्या पाळ्या आणि ओल राखण्याचं शास्त्र कालव्याच्या लाभक्षेत्रात कोणी विचारेना.

या भरवशाची परीक्षा अलीकडच्या दोन वर्षांत झाली. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्याने 40 तालुके दुष्काळी जाहीर केले; त्यांत माढा होता. 2024 च्या जूनमध्ये उजनी उणे 60 टक्क्यांच्या घरात गेलं आणि ऑगस्टमध्ये भरून भीमेत पाणी सोडावं लागलं. सप्टेंबर 2025 मध्ये संकट दुसऱ्या बाजूने आलं. सीनेला महापूर आला, माढा तालुक्यातली काठावरची गावं पाण्यात गेली आणि लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद ठेवावा लागला. ऑक्टोबरमध्ये राज्याने 31,628 कोटींचं मदत पॅकेज जाहीर केलं. दुष्काळी म्हणून नोंद झालेला तालुका दोन वर्षांच्या आत पूरग्रस्त यादीत आला.

कागदावर यासाठी आराखडा आहे. केंद्राची हवामान बदल कृती योजना 2008 ची. महाराष्ट्रासाठी टेरी या संस्थेने केलेला अनुकूलन आराखडा 2014 मध्ये तयार झाला. जिल्ह्यांची असुरक्षितता मोजण्याचं काम त्यात झालं. पण माढ्यासारख्या तालुक्यात एका अंगाला भरवशाची भीमा आणि दुसऱ्या अंगाला बेभरवशाची सीना वाहते. जिल्ह्याच्या सरासरीत या दोघी एकच दिसतात.

दीडशे वर्षांत दुष्काळाने इथे माणसं मरायची थांबली, हे या धोरणांचं मोठं यश आहे. त्यांचं अपयशही तितकंच उघड आहे: पैसा बहुतेक वेळा पंचनाम्यानंतर आला. पुढचा आराखडा तालुक्याचा हवा. सीनेच्या पूररेषा, उसाखालचं क्षेत्र, बांधबंदिस्तीची दुरुस्ती आणि उजनीचं वेळापत्रक या चार गोष्टी त्यात एकत्र हव्यात. आणि 1933 पासून सोलापूरच्या केंद्रात जमा झालेल्या पाऊस-ओलीच्या नोंदी हा आराखडा करणाऱ्यांच्या टेबलावर सगळ्यात आधी यायला हव्यात.