अभ्यास, चळवळ आणि तासांचा हिशेब



कॉलेजात गेलेल्या मुलाने अभ्यासच करावा, की संमेलने, निवडणुका, चळवळी यांतही पडावे, हा वाद घरोघरी चालतो. वडील म्हणतात, "आधी पुस्तक." मुलगा म्हणतो, "पुस्तकाबाहेरही जग आहे." म्हणणे दोघांचेही खरे आहे. मग वाद मिटत का नाही?

टिळकांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी शरीर कमावण्यात घालविले, परीक्षेत ते नापास झाले, आणि तरीही १८७७ साली गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले. मुले हे मोठ्या हौसेने सांगतात. परंतु वर्ष बुडूनही कॉलेजात टिकून राहणे किती घरांना परवडते?

आता आपल्या कोल्हापुरातलेच पाहा. १९०८ साली येथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला शाळकरी भाऊराव पाटील गेले. परत आल्यावर विटाळाची अंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला, आणि जैन वसतिगृहातील जागा त्यांना सोडावी लागली. पुढे मॅट्रिकची पायरीही त्यांना ओलांडता आली नाही.

या माणसाने नंतर जे केले, ते आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना विशेष मोलाचे वाटते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज. वेळेचा मेळ घाला, असा कोरडा उपदेश करून ते थांबले नाहीत. गरीब मुलांनी अंगमेहनत करावी आणि त्यावर शिकावे, ही 'कमवा आणि शिका'ची सोय त्यांनी संस्थेतच लावून दिली. १९५९ साली पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या कर्मवीरांना डी. लिट्. दिली. १९६२ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठानेही पुढे हीच योजना उचलली.

कामगारांच्या पाळीचे तास बांधून घेण्यासाठी आमच्या चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या झगडा केला. तास बांधले गेले, तेव्हाच कामगाराला वाचनालयाची आणि सभेची वाट सापडली. विद्यार्थ्याचेही तसेच आहे. ज्याला फी, खोली आणि जेवण यांची विवंचना आहे, त्याच्यापुढे अभ्यास की चळवळ हा प्रश्नच उभा राहत नाही; दोन्ही त्याच्या हातून निसटतात.

म्हणून मुलाला शिस्त अवश्य सांगावी. पण त्याच्या दिवसातील किती तास खरोखर त्याचे आहेत, हे आधी मोजावे. ते वाढविणे हे एकट्या मुलाचे काम नव्हे. ते तुमचे-आमचे, या गावाचे काम आहे.