सुई, दोरा आणि मोल

कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंबा हें गांव आहे. शहरास पाणी पुरविणाऱ्या तलावामुळें तें पुष्कळांस परिचित असतें. परंतु या बाजूच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका कलेची नोंद इतिहासग्रंथांत क्वचितच सांपडते. ती कला म्हणजे वाकळ शिवणें. विटलेलीं लुगडीं व धोतरें थरावर थर अंथरावींत, कडेपासून आंत धांवदोऱ्याच्या ओळी घालीत जावें, आणि टिकलेला काठ शोभेसाठीं वर राखावा, अशी ही रीत. वाकळ लेकीला द्यावी, बाळंतिणीला द्यावी. ती विकण्याची वस्तु नव्हती. म्हणूनच तिला किंमत नव्हती. आणि तिच्यांत खर्ची पडलेल्या दुपारांचा हिशेबही कोणी ठेविला नाहीं.

येथून आणखी दक्षिणेस, बेळगांव-धारवाडच्या मुलुखांत, सुईनें याहून नाजूक रूप घेतलें. इरकली लुगड्याच्या पदरावर आणि खणाच्या चोळीवर काढला जाणारा तेथील कशिदा ‘कसूती’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचे टांके चार : गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. कापडावर आधीं रेखाटन करावयाचें नाहीं. ताणा-बाण्याचे धागे मोजीत गोपुर, रथ, पालखी, हत्ती व तुळशीवृंदावन उमटवावयाचें. गावंती व मुरगी यांत दोऱ्यास गांठ मारीत नाहींत, त्यामुळें कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. जी बाजू कोणी पाहणार नाहीं तीही निर्दोष असावी, हा या कलेचा आग्रह होय.

घरच्या कौशल्याचें उपजीविकेंत रूपांतर करण्याचा विचार महाराष्ट्रांत प्रथम स्त्रियांच्या संस्थांनीं नेटानें मांडला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदनाचें काम सुरू झालें. तेथें शिवण व भरतकाम शिकविलें जाई तें केवळ विरंगुळा म्हणून नव्हे; विधवेस व निराधार स्त्रीस स्वतःच्या पायांवर उभें करणारी विद्या म्हणून. पुण्याच्या कारागृहांतील स्त्री-बंदिजनांची विचारपूस करण्यासही रमाबाई जात असत. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालें आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनीं त्याची धुरा वाहिली. गांवच्या कारागिराची शहरच्या ग्राहकाशीं गांठ घालून द्यावी, हें या साऱ्या खटपटीचें सूत्र होतें.

आज हस्तकलांच्या जत्रा त्याच सूत्रावर चालतात. पुण्याच्या भीमथडी जत्रेंत किंवा बचतगटांच्या मेळाव्यांत गोधड्या, भरतकामाच्या पिशव्या, खणाचीं वस्त्रें यांभोंवतीं गर्दी जमते. कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहांतही बंदिजन शिवणकाम व विणकाम करतात, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांच्या हातच्या वस्तु विक्रीस मांडल्या जातात. मायेपोटीं होणारें काम बाजारांत आलें, हें वाईट झालें असें म्हणतां येत नाहीं. ज्या हातांना कधीं मोबदला मिळाला नाहीं त्यांना तो मिळूं लागला.

मात्र बाजार नक्षी पाहतो, वेळ पाहत नाहीं. यंत्रानें काढलेली कसूती त्याच जत्रेंत निम्म्याहून कमी दरांत मिळाली, तर महिनाभर धागे मोजीत बसणारीनें काय मागावें? कसूतीस २००६ च्या सुमारास भौगोलिक मानांकन लाभलें. त्यानें नांवास संरक्षण मिळालें, परंतु श्रमाचें मोल ठरविणें ग्राहकाच्याच हातीं राहिलें. त्यानें दर विचारण्यापूर्वी कापड उलटून पाहावें. यंत्राच्या कामाची मागली बाजू बहुधा स्वतःच साक्ष देते. हातच्या कामांत तेथेंही तीच नक्षी, तीच निगा आढळते. घासाघीस करावयाची कीं नाहीं, हें त्यानंतर त्यानें आपल्याशींच ठरवावें.