सौंदर्य हाच पुरावा : हॉलिवूडच्या युद्धपटांतील हेरनायिका (१९३१-१९४६)

१

१५ ऑक्टोबर १९१७ रोजी पहाटे पॅरिसजवळच्या व्हँसेन येथे फ्रेंच लष्कराच्या गोळीबार पथकाने मार्गारेटा झेले या एक्केचाळीस वर्षांच्या डच स्त्रीला ठार केले. जगाने तिला ‘माता हारी’ या तिच्या रंगमंचीय नावानेच लक्षात ठेवले. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९३१ साली, हॉलिवूडमध्ये दोन चित्रपट निघाले. जॉर्ज फिट्झमॉरिस दिग्दर्शित ‘माता हारी’मध्ये ग्रेटा गार्बो होती, तर जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या ‘डिसऑनर्ड’मध्ये मार्लीन डीट्रिश. दोन्ही चित्रपटांच्या अखेरीस नायिका गोळीबार पथकाकडे जाते, आणि दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाने तिच्या मृत्यूकडे एक देखणे दृश्य म्हणून पाहावे अशी योजना आहे.

या चित्रपटांविषयीचे लेखन बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. एक प्रश्न अभिनेत्रीच्या मोहिनीचा, दुसरा इतिहासाशी असलेल्या इमानाचा. पहिला प्रश्न आस्वादापाशी थांबतो, दुसरा चुकांच्या यादीपाशी. प्रस्तुत लेखातील प्रश्न निराळा आहे. हेरगिरी हे मूलतः वाचन-लेखनाचे काम आहे. माहिती मिळवायची, ती सांकेतिक लिपीत बांधायची, योग्य त्या वाचकाकडे पोहोचवायची. या कामाची कथा सांगताना कामाच्या जागी कर्तीचे सौंदर्य कसे येऊन बसते, आणि पुढे तेच सौंदर्य तिच्याविरुद्धचा पुरावा कसे ठरते, हे येथे पाहायचे आहे.

संस्कृत परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे विषकन्या आठवणे साहजिक आहे. ‘मुद्राराक्षसा’त चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो. पण हे साम्य वरवरचे आहे. विषकन्या हे शस्त्र आहे. तिला इच्छा नाही, म्हणून तिच्यावर खटलाही नाही. शस्त्र कोणी वळवले एवढाच प्रश्न तेथे उरतो. हॉलिवूडच्या हेरनायिकेला मात्र इच्छा बहाल केली जाते, ती प्रेमात पडते, आणि त्यामुळेच तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येते. तिला पाठवणारा हात दरम्यान पडद्याआड जातो.

२

चित्रपटाआधी खटला होता, आणि खटल्याआधी एक रचलेले चरित्र होते. मार्गारेटा झेलेचा जन्म १८७६ साली नेदरलँड्समधील लेउवार्डन येथे झाला. १८९५ मध्ये तिने रुडॉल्फ मॅक्लाउड या डच वसाहतींतील लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला. काही वर्षे ती जावा बेटावर राहिली. युरोपात परतल्यावर पतीपासून विभक्त झालेल्या, हाताशी पैसा नसलेल्या या स्त्रीने ‘पौर्वात्य’ नृत्याचा व्यवसाय उभा केला. १३ मार्च १९०५ रोजी पॅरिसच्या गिमे संग्रहालयात झालेल्या नृत्याने ती प्रसिद्धीस आली. ‘माता हारी’ हा शब्द मलय भाषेतला; त्याचा अर्थ सूर्य, शब्दशः दिवसाचा डोळा. आपण मलबारच्या किनाऱ्यावर देवदासीच्या पोटी जन्मलो, असेही ती सांगत असे. मलय नाव, जावाच्या आठवणी, शिवाची मूर्ती आणि मलबारची देवदासी यांचे हे मिश्रण पॅरिसच्या प्रेक्षकाला विसंगत वाटले नाही. एडवर्ड सईद यांनी १९७८ साली ज्या प्राच्यवादाची मीमांसा केली, त्याचे हे चालतेबोलते उदाहरण होय. फरक एवढाच की येथे तो एका निराधार स्त्रीच्या उपजीविकेचे साधन झाला होता.

१९१७ साली हेच साधन तिच्यावर उलटले. त्या वर्षी एप्रिलमधील निव्हेल आक्रमण फसले होते, फ्रेंच सैन्याच्या तुकड्यांमध्ये बंडाळी उसळली होती आणि अपयशाला एका चेहऱ्याची गरज होती. माता हारीला १३ फेब्रुवारीलाच अटक झाली होती. जुलैमध्ये लष्करी न्यायालयापुढे बंद दाराआड खटला चालला. जर्मन वकिलाकडून वीस हजार फ्रँक घेतल्याचे तिने मान्य केले. युद्धारंभी बर्लिनमध्ये अडकलेल्या आपल्या मालमत्तेची ती भरपाई होती, असे तिचे म्हणणे होते. माद्रिदहून गेलेल्या जर्मन बिनतारी संदेशांत ‘एच-२१’ या हेराचा उल्लेख होता आणि त्यातील तपशील तिच्याशी जुळत होते. पण ज्या लिपीत हे संदेश होते ती फ्रेंचांनी आधीच उलगडली होती. तिने पैसे घेतले हे खरे. मात्र तिने दिलेल्या कोणत्या माहितीमुळे कोणता सैनिक मेला, हे न्यायालयाला दाखवता आले नाही. तिला हेरगिरीचे काम देऊ करणारे फ्रेंच अधिकारी झॉर्झ लादू यांनाही पुढे हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली; ते निर्दोष सुटले. या खटल्याची कागदपत्रे सर्वसाधारण वाचकासाठी खुली व्हायला २०१७ साल उजाडावे लागले.

न्यायालयापुढे ठोस दस्तऐवज थोडा होता. तिच्या चारित्र्याविषयीचा मजकूर भरपूर होता. अनेक देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांशी संबंध, खोटी जन्मकथा, रंगमंचावरील विवस्त्रता. जी स्त्री स्वतःविषयी इतके खोटे सांगते ती राष्ट्राविषयीही खोटे बोलणारच, असे हे अनुमान होते. साहित्याच्या अभ्यासकाला ही वाचनपद्धती परिचित वाटावी. संहितेतील रिकाम्या जागा वाचकाने आपल्या पूर्वग्रहांनी भरल्या. या वाचकांच्या हाती बंदुका होत्या, एवढेच.

३

१९३१ चा ‘माता हारी’ हे वाचन जसेच्या तसे उचलतो. गार्बोच्या पहिल्याच मोठ्या प्रसंगात शिवाच्या मूर्तीपुढचे नृत्य आहे. म्हणजे नायिकेची ओळख तिच्या कामाने होत नाही, तिच्याकडे रोखलेल्या नजरांनी होते. चित्रपटाचा मध्यबिंदू रोझानॉफ या तरुण रशियन वैमानिकाच्या खोलीतील रात्र हा आहे. मादोनाच्या चित्रापुढे त्याने अखंड तेवत ठेवलेला दिवा त्याने आपल्या हाताने विझवावा, असा हट्ट ती धरते. दिवा विझतो, आणि त्याच रात्री त्याच्याजवळचे गुप्त कागद तिचे साथीदार परस्पर नेतात. या मांडणीत हेरगिरीचा उद्योग दुसऱ्या कुणाकडे जातो. नायिकेच्या वाट्याला केवळ एक अपवित्र कृत्य येते. तिचा अपराध कागदांशी निगडित राहत नाही, तो विझलेल्या दिव्याशी जोडला जातो. १९१७ च्या न्यायालयाने जे अनुमान केले होते, त्याला चित्रपट प्रतिमेचे रूप देतो.

पण चित्रपटात एक फट राहून गेली आहे. रोझानॉफ अपघातात आंधळा होतो. तुरुंगातील अखेरच्या भेटीत तो तिला पाहू शकत नाही. ती एखाद्या रुग्णालयात उपचार घेत आहे असाच त्याचा समज करून दिलेला असतो. साऱ्या चित्रपटभर पाहिली गेलेली ही स्त्री, तिला पाहू न शकणाऱ्या माणसासमोरच काय ती साध्या आवाजात बोलते. या प्रसंगाचे बीज वास्तवात होते. वादिम मास्लोव्ह या रशियन अधिकाऱ्याच्या डोळ्याला युद्धात इजा झाली होती आणि त्याला भेटण्यासाठी परवाना मिळवण्याच्या खटपटीतूनच माता हारी लादू यांच्या कचेरीत पोहोचली होती. चित्रपटाने प्रेम ठेवले, कचेरी वगळली. तिच्या गरजेचा सौदा करणारी शासनयंत्रणा या कथेतून नाहीशी होते, आणि उरते ते प्रेमाने शुद्ध झालेल्या पापिणीचे मरण.

४

स्टर्नबर्गचा ‘डिसऑनर्ड’ याच घाटातला असला तरी अधिक व्यामिश्र आहे. १९१५ चे व्हिएन्ना. एका ऑस्ट्रियन अधिकाऱ्याची विधवा रस्त्यावर देहविक्रय करते आहे. गुप्तहेर खात्याचा प्रमुख तिला तेथूनच उचलतो आणि ‘एक्स-२७’ हा क्रमांक देतो. चित्रपटात ती मुख्यतः या क्रमांकानेच ओळखली जाते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या चित्रपटाचे सर्वांत मोलाचे प्रकरण सीमेपलीकडचे आहे. डीट्रिश रंगरंगोटी उतरवून, जाडीभरडी वस्त्रे घालून खेडवळ मोलकरणीच्या वेषात शत्रूच्या छावणीत वावरते. जी माहिती मिळते ती ती संगीताच्या स्वरलिपीत उतरवते. रशियन अधिकारी क्रानाऊ तो कागद जाळतो. पण स्वररचना तिला मुखोद्गत असते, आणि परतल्यावर ती पियानोवर वाजवून ती सारी माहिती पुन्हा उभी करते. येथे हेर ही लेखिका आहे, वाचक आहे आणि स्मृतीही आहे. हे सारे ती करते तेव्हा तिच्या देहावर मोहिनीचा लवलेशही नसतो. हेरगिरी आणि सौंदर्य यांचा संबंध अपरिहार्य नाही, हे चित्रपट क्षणभर स्वतःच सिद्ध करतो.

मात्र ही शक्यता कथनाला झेपत नाही. क्रानाऊ पकडला जातो, ती त्याला निसटू देते आणि लष्करी न्यायालय तिला मृत्युदंड देते. मरणासमयी ती आपली जुनी, रस्त्यावरच्या दिवसांतली वस्त्रे मागून घेते. तरुण अधिकाऱ्याच्या तलवारीच्या पात्यात चेहरा न्याहाळते. तो अधिकारी स्त्रीवर गोळी झाडण्यास नकार देऊन आक्रोश करतो. दुसरा अधिकारी येईपर्यंतच्या अवकाशात ती ओठांना रंग लावते. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात स्टर्नबर्गच्या स्त्रीप्रतिमांना पूजावस्तूचे रूप येते असे म्हटले आहे, आणि ते या दृश्याला लागू पडते. तरीही त्यात एक उपरोध शिल्लक राहतो. शासनाने तिच्यातील जे सौंदर्य वापरले त्याचाच हिशेब ती शासनाच्या शस्त्राला आरसा करून मांडते. ज्याने नकार दिला तो अधिकारी बाजूला केला जातो, आणि यंत्रणा पुढचा माणूस आणते. पाठवणारा हात येथे निदान ओझरता दिसतो.

५

पुढच्या पंधरा वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. १९३० साली स्वीकारलेली चित्रपटनिर्मितीची आचारसंहिता १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखाली काटेकोरपणे अमलात आली. ‘माता हारी’च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळी नृत्यातला आणि त्या रात्रीच्या प्रसंगातला काही भाग त्यामुळे कापला गेला. दुसरे म्हणजे १९४२ मध्ये अमेरिकेत युद्धमाहिती कार्यालय स्थापन झाले आणि युद्धकार्यास साह्य हा चित्रपटांच्या मूल्यमापनाचा एक निकष झाला. अशा काळात स्वपक्षाच्या हेरखात्याकडे संशयाने पाहणे सोपे नव्हते.

म्हणूनच युद्ध संपताच, १९४६ मध्ये आलेला हिचकॉकचा ‘नोटोरियस’ या परंपरेतले वळण ठरतो. पटकथा बेन हेक्ट यांची होती. शिक्षा झालेल्या एका नाझी हस्तकाची मुलगी अलिशिया (इन्ग्रिड बर्गमन) हिला अमेरिकन हस्तक डेव्हलिन (कॅरी ग्रँट) रिओ द जानेरोला नेतो. तेथील नाझी वर्तुळातील सेबास्टियनशी (क्लॉड रेन्स) तिने जवळीक साधायची असते. सेबास्टियन लग्नाची मागणी घालतो तेव्हा ती निर्णयासाठी कचेरीत येते. टेबलाभोवती सभ्य, सुसंस्कृत अधिकारी बसलेले असतात. डेव्हलिनने एक शब्द उच्चारला असता तर ती थांबली असती. तो विरोध करत नाही आणि ठराव संमत होतो. स्त्रीचा देह राष्ट्रकार्यासाठी देण्याचा निर्णय कार्यालयीन कामकाजासारखा घेतला जाताना येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसतो.

चित्रपटातील वस्तूही याच अर्थाने बोलतात. मद्याच्या तळघराची किल्ली अलिशियाच्या मुठीत दडलेली असते. बाटल्यांतून युरेनियमचे खनिज निघते. आणि सत्य कळल्यावर सेबास्टियन व त्याची आई तिला कॉफीतून थोडेथोडे विष देऊ लागतात. गोळीबार पथकाची जागा घरातल्या पेल्याने घेतली आहे. आचारसंहितेला दीर्घ चुंबन मान्य नव्हते, म्हणून हिचकॉकने ते संभाषणाने पुनःपुन्हा तोडत लांबवले, हे बहुश्रुत आहे. पण अधिक अर्थपूर्ण आहे ते डेव्हलिनचे उलट दिशेचे वर्तन. तिच्या चारित्र्याविषयीच्या पूर्वग्रहामुळे तो तिची ग्लानी दारूची समजतो. विषाची लक्षणे त्याच्यासमोर असतात, आणि तो चुकीचे वाचन करतो. १९१७ च्या न्यायालयाचीच ही चूक. या वेळी मात्र चित्रपट वाचकाला दोषी ठरवतो, वाचल्या गेलेल्या स्त्रीला नाही. अखेरीस जाब देण्यासाठी जिना चढून घरात परतावे लागते ते सेबास्टियनला. अलिशिया वाचते.

अर्थात हा विजय अपुरा आहे. ती स्वतःच्या पायांवर बाहेर पडत नाही, डेव्हलिनच्या आधाराने जिना उतरते. आणि ज्या कचेरीने तिला पाठवले तिला कोणी प्रश्न विचारत नाही. तरीही प्रश्न कोणाला विचारायला हवा, हे या चित्रपटानंतर झाकून ठेवता येत नाही.

६

या प्रतिमांच्या शेजारी एक वास्तव आयुष्य ठेवून पाहिले पाहिजे, आणि त्याचा एक धागा गायकवाडांच्या बडोद्यापर्यंत येतो. बडोद्यात संगीतशाळेची उभारणी करणाऱ्या मौलाबक्षांची पणती, सूफी संगीतकार इनायत खान यांची कन्या नूर जून १९४३ मध्ये ब्रिटिश गुप्त संघटनेची बिनतारी संदेशक म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. अशा कामावर फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री होती. तिच्या गटातील माणसे पकडली जात असताना परत येण्याची सूचना नाकारून ती पॅरिसमध्ये राहिली, जागा बदलत संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबर १९४३ मध्ये तिला अटक झाली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला अन्य तीन स्त्री-हस्तकांसह गोळी घालण्यात आली. तिच्या अटकेनंतर जर्मनांनी तिचेच यंत्र वापरून लंडनला खोटे संदेश पाठवले, आणि लंडनने त्यांवर विश्वास ठेवून आणखी माणसे मृत्यूच्या तोंडी दिली. १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

या कथेत नृत्य नाही, दिवा नाही, तलवारीचा आरसा नाही. आहे ते लिप्यंतर, स्मरण, एकाकी चिकाटी आणि पाठवणाऱ्यांचा गाफीलपणा. म्हणजे ‘डिसऑनर्ड’मधील मोलकरणीच्या प्रकरणात जे क्षणभर डोकावले होते, नेमके तेच. मोहिनीच्या भाषेत ही कथा मांडता येत नाही, कारण त्या भाषेत गुन्हा नेहमी स्त्रीच्या देहात सापडतो आणि कचेरीची कागदपत्रे उघडावी लागत नाहीत. गार्बो आणि डीट्रिश यांच्या प्रतिमांचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. त्या आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. पण व्हँसेनला मेलेल्या स्त्रीचे चरित्र आपण त्या प्रतिमांवरून वाचू लागतो तेव्हा १९१७ च्या न्यायाधीशांच्या रांगेत आपणही जाऊन बसतो. समीक्षेचे काम निदान तेथून उठण्याचे आहे.